वाचकांचे प्रश्न : रेल्वे फाटकावरचा पिवळा दिवा

प्रश्न : मिरजेत मी अनेक वर्षे गाडी चालवली आहे. आता आम्ही इंग्लंडमध्ये स्थायिक झालो असल्यामुळे येथील परीक्षा नव्याने द्यावी लागणार आहे आणि सध्या शिकाऊ परवान्यावर माझा सराव चालू आहे. सरावाच्या वाटेवर एक रेल्वे फाटक लागते, ज्याचे दांडे अर्धाच रस्ता अडवतात. तिथला पिवळा दिवा लागला की थांबावे की निघून जावे, हे ऐन वेळी सुचत नाही. शिवाय दिवे लागल्यावर गाडी इतक्या लवकर कशी येते? आपल्याकडे फाटक पडले की लोक उतरून चहा पिऊन येतात. – एक वाचक, बर्कशायर

उत्तर : थांबावे की जावे, याचा निकाल रुळांच्या अलीकडे रस्त्यावर आखलेली आडवी पांढरी रेघ लावते. पिवळा दिवा लागताना आपण रेघेच्या अलीकडे असाल तर थांबायचे. रेघ अगदी पुढ्यात आहे आणि एकदम ब्रेक दाबला तर अपघातच होईल, अशी स्थिती असेल तेवढाच अपवाद. रेघ ओलांडून गेला असाल तर मात्र मध्ये थांबू नका, गाडी मागे घेऊ नका, सरळ पलीकडे निघून जा.

पिवळा दिवा न लुकलुकता सुमारे 3 सेकंद जळतो आणि त्याच्याबरोबरच इशाऱ्याचा आवाज सुरू होतो. मग दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकू लागतात आणि त्यानंतर काही सेकंदांनी दांडे खाली येऊ लागतात. आपल्याकडून गेलेल्या चालकांची गफलत होते ती नेमकी इथे. त्यांची नजर दांड्यावर असते आणि दांडा वर आहे तोवर रस्ता आपला, असे ते धरून चालतात. ब्रिटनमध्ये लाल दिवे लागले की दांडा अजून सरळ उभा असला तरीही रेघ ओलांडणे हा गुन्हा आहे.

आता वेळेविषयी. आपल्याकडच्या इंटरलॉक केलेल्या फाटकावर गेटमन आधी फाटक बंद करून कुलूपबंद करतो आणि त्यानंतरच रेल्वेगाडीला पुढे येण्याचा सिग्नल मिळू शकतो. गाडी लांब असतानाच फाटक पडते ते यामुळे, आणि म्हणूनच ‘अजून वेळ आहे’ ही समजूत आपल्या अंगात मुरलेली असते. ब्रिटनमधले अर्ध्या दांड्यांचे फाटक स्वयंचलित असते. तिथे गेटमन नसतो. येणाऱ्या गाडीमुळेच दिवे आणि दांडे चालू होतात, आणि तिथला सिग्नल फाटक मोकळे आहे की नाही याची वाट पाहत नाही. दिवे लागल्यापासून गाडी फाटकावर पोहोचायला अवघी 27 सेकंदे लागू शकतात. गाडीचा वेग ताशी 100 मैल असेल तर पिवळा दिवा लागला त्या क्षणी ती जेमतेम सव्वा किलोमीटरवर असते, आणि रुळावर अडकलेले वाहन इंजिनचालकाच्या नजरेस पडेपर्यंत ब्रेक लावून फारसे काही साधण्यासारखे उरलेले नसते. दांडे अर्धेच ठेवण्याचे कारण एवढेच, की आत सापडलेल्या वाहनाला बाहेर पडायची वाट मोकळी राहावी. त्या मोकळ्या जागेतून नागमोडी वळण घेत आत शिरणारा चालक याच 27 सेकंदांशी खेळत असतो. मिरजेतली सवय इथे जिवावर बेतू शकते, हे मी आपल्याला अतिशय कळकळीने सांगतो.

प्रश्न : गाडी निघून गेली तरी लाल दिवे लुकलुकतच राहिले. मागचा चालक हॉर्न वाजवत होता. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचे असते का? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : मोठ्या रस्त्यांवरच्या अशा फाटकांना हिरवा दिवा नसतोच. लाल दिवे पूर्ण विझणे आणि दांडे वर जाणे, हीच परवानगी. गाडी गेल्यावरही दिवे चालू असतील तर दुसरी गाडी येते आहे असे समजावे, आणि ती बहुधा विरुद्ध दिशेने, पहिल्या गाडीच्या आडून येते. अनेक ठिकाणी अशा वेळी इशाऱ्याचा सूरही बदलतो. तो ऐकू यावा म्हणून फाटकाजवळ रेडिओ बंद करून काच थोडी खाली घेण्याची सवय लावून घ्यावी. मागच्याच्या हॉर्नकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : वाहनांच्या रांगेत असताना गाडी रुळांवरच बंद पडली तर काय करावे? – तेच वाचक

उत्तर : रांगेमुळे रुळांवर अडकायची वेळच येऊ देऊ नये. पलीकडे आपली गाडी पूर्ण मावेल एवढी जागा दिसेपर्यंत दिवे बंद असले तरी रेघ ओलांडायची नाही. तरीही गाडी बंद पडलीच तर सर्वांना आधी उतरवून रुळांपासून दूर न्या. मग फाटकाजवळच्या रेल्वेच्या टेलिफोनवरून सिग्नल केंद्राला कळवा आणि ते सांगतील तसे करा. वेळ असेल तरच गाडी ढकलण्याचा विचार करावा, आणि इशारा वाजू लागताच किंवा पिवळा दिवा लागताच ती तिथेच सोडून दूर व्हावे.

त्या टेलिफोनचे मोल ब्रिटनने फार महागात पडून ओळखले. 6 जानेवारी 1968 रोजी स्टॅफर्डशायरमधील हिक्सन येथे सुमारे 120 टनांचा ट्रान्सफॉर्मर वाहून नेणारे लांबलचक वाहन अशाच अर्ध्या फाटकावरून अतिशय मंद गतीने जात असताना मँचेस्टरहून लंडनला निघालेली एक्सप्रेस त्यावर आदळली आणि 11 जण मृत्युमुखी पडले. फाटकावर टेलिफोन होता, पण ओलांडण्यापूर्वी तो कोणीही उचलला नव्हता. आजही फार मोठ्या किंवा फार मंद वाहनाच्या चालकाने आधी फोन करून परवानगी घेणे आणि पार झाल्यावर तसे कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्न : मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकतो आहे. आमच्या गावाजवळच्या फाटकावर रस्त्याच्या बाजूला दिवेच नाहीत. मग इशारा कोणता मानायचा? – एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : आपला इशारा फाटकाच्या बराच आधी सुरू होतो. लाल कडेच्या त्रिकोणात फाटकाचे चित्र असेल तर पुढे राखलेले फाटक आहे, आणि इंजिनाचे चित्र असेल तर ते बिनराखणीचे. त्रिकोणाखाली दोन पट्ट्या असतील तर फाटक सुमारे 200 मीटरवर आहे. एकच पट्टी असेल तर ते 50 ते 100 मीटरवर आले. पहिल्या पाटीलाच वेग कमी करावा. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनराखणीची फाटके जानेवारी 2019 पर्यंत बंद करण्यात आली. तरी त्या चिन्हाचा अर्थ शिकाऊ चालकाला ठाऊक असायलाच हवा.

फाटक उघडे दिसले तरी दोन्ही बाजूंना पाहिल्याशिवाय रुळांवर जाऊ नका. सगळी फाटके इंटरलॉक केलेली नाहीत. काही ठिकाणी स्टेशनवरून आलेला फोन आणि गेटमनची दक्षता यांवरच सारे अवलंबून असते. 8 जुलै 2025 रोजी तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीने धडक दिली आणि मुले दगावली, ते फाटक असेच इंटरलॉक नसलेले होते. दुचाकी आडवी करून दांड्याखालून काढणारे आपल्याला रोज दिसतील. त्यांच्यामागे जाऊ नका. गेटमनशी हुज्जत घालून बंद फाटक उघडायला लावण्याच्या भरीसही कधी पडू नका. बंद केलेले फाटक स्वतः उघडल्यास रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 160 खाली तीन वर्षांपर्यंत, आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.