मॅस्टोडॉनवर मोडी लिपी वाचणाऱ्यांचा गट मिळेल का?

प्रश्न असा आहे: "फेसबुक सोडून मॅस्टोडॉनवर आलोय. जुने मोडी कागद वाचणाऱ्यांचा जिवंत गट तिथे आहे का, की ब्लूस्कायवर शोधू? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांना वैतागलोय."

शेवटचं वाक्य नसतं, तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

तयार गट मिळणार नाही, ना मॅस्टोडॉनवर ना ब्लूस्कायवर. दोन्ही ट्विटरच्या जातीची माध्यमं. मोडी सफाईने वाचणारी माणसं बहुतेक निवृत्त आहेत, सकाळी सुप्रभातचं फूल पाठवतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सुखात आहेत. ती तुमच्यासाठी नवं खातं उघडणार नाहीत. रोमन अक्षरांत 'मोडी' टाकून शोधलंत तर पंतप्रधान येतील, तेव्हा देवनागरीतच शोधा. ब्लूस्कायवर एका पोस्टला ३०० अक्षरं मिळतात. एका ओळीच्या वाचनावर भांडायला तेवढी पुरत नाहीत. मॅस्टोडॉनवर सहसा ५०० मिळतात, तीही कमीच, पण दम खाऊन दुसरी पोस्ट जोडता येते.

आता वैतागाबद्दल. आमचा गट आधी ऑर्कुटवर होता. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, पण त्याच्या आधीच निम्मे लोक फेसबुकवर गेले होते. काही जण हौसेने गूगल प्लसवर गेले, तेही २ एप्रिल २०१९ला मिटलं. दर स्थलांतरात माणसं गळत गेली आणि उरलेले शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र आले. अ‍ॅडमिन होते नाना. नाव सांगत नाही, सातारा भागातल्या मोडीवाल्यांना न सांगताही कळेल. मोडीवर त्यांचा हात चांगला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नियमाबद्दल आहे. गटातला कागद बाहेर जाता कामा नये आणि बाहेरच्याने गटात यायचं तर कुणीतरी हमी द्यायची. "सगळं शेवटी बंदच पडतं, मग कशाला रानोमाळ हिंडायचं? आहोत तिथे बरे आहोत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

२०२३च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली आणि त्यात मोडी कागदांचे गठ्ठे होते. एका रात्रीत मोडी वाचणाऱ्याला भाव आला. आमच्या गटात दिवसभर फोटो पडायला लागले, तिरके, अंधारे, कडेला अंगठा आलेले, खाली एकच ओळ: "यात कुणबी लिहिलंय का बघा." लोकांची गरज खरी होती, त्यांना दोष नाही. पण नानांनी गट कुलूपबंद केला. फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं आणि बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा.

त्याच दिवसांत, गटाला कुलूप लागायच्या आधी, वाईकडच्या एका गृहस्थांचा कागद आला होता. इनामाचा, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा डाग. घरच्यांना तो कुलवृत्तांताच्या स्मरणिकेत छापायचा होता आणि साल हवं होतं. आता मोडी वाचणाऱ्याला माहीत असतं की अशा कागदावर साल आकड्यात असेलच असं नाही. शुहूर सन असतो, अरबी संख्यांच्या नावांत लिहिलेला, मृग नक्षत्रापासून सुरू होणारा. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, पुढच्या जानेवारीपासूनचा महिना असेल तर ६००. या कागदावर 'मया व अलफ' स्वच्छ दिसत होतं, म्हणजे अकराशे. भांडण त्याच्या आधीच्या शब्दाचं. नानांनी वाचलं 'तिसा', म्हणजे नऊ. सन ११०९, इसवी १७०८-०९. मी वाचलं 'तिसैन', म्हणजे नव्वद. सन ११९०, इसवी १७८९-९०. मधे ८१ वर्षांचं अंतर!

स-वर एक बारीक रेघ होती. मी तिला मात्रा म्हणत होते, नाना डाग म्हणत होते. पुढचा 'न' सुद्धा नानांना मान्य नव्हता, त्यांच्या मते ती 'मया'च्या म-ची सुरुवात. मोडीत शिरोरेघ आधी ओढून घेतात आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे असा वाद घालायला जागा भरपूर असते. अक्षराचं वळण उत्तर पेशवाईतलं आहे असं मी म्हटलं, तर नाना म्हणाले की ही नंतर केलेली नक्कल असेल. हे मात्र अगदीच टाकाऊ नव्हतं. जुन्या सनदांच्या नकला होतच असत. पण घरच्यांना अर्थातच जुनं साल आवडलं, नानांनी शिक्कामोर्तब केलं आणि माझा आक्षेप त्यानंतर आलेल्या वाढदिवसाच्या केकांखाली गाडला गेला. दोन आठवड्यांनी मलाच तो शोधून सापडेना.

मॅस्टोडॉनवर माझं खातं होतं, तिथे मी अधूनमधून सरावाच्या ओळी टाकायचे. मूळ कागद ज्यांचा, त्या गृहस्थांना विचारून मी फोटोतल्या फक्त वरच्या तीन ओळी कापून घेऊन तिथे पोस्ट केल्या. गावाचं नाव नाही, इनामदाराचं नाव नाही, जमिनीचा तपशील नाही. सोबत दोन्ही वाचनं लिहिली, कुणाचं कुठलं ते न सांगता.

पहिलं उत्तर चेन्नईहून आलं. तंजावरच्या मराठी घरातले गृहस्थ, घरात मोडीचे हिशेबाचे कागद आणि मराठीही त्यांच्या वळणाची. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांवर नजर बसलेली. त्यांनी सनाकडे बघितलंच नाही. तिसऱ्या ओळीत घडी पडली होती, तिथे आम्ही सगळे 'पंडित प्रधान', म्हणजे पेशव्यांचा किताब, एवढं वाचून पुढे जात होतो. त्यांनी विचारलं, "त्याच्या अलीकडे काय आहे? घडीच्या डावीकडे 'माध' दिसतं आणि उजवीकडे 'राव'." मी फोटो मोठा करून बघितला. माधवराव पंडित प्रधान. ओळ तिथेच होती, महिनाभर.

मग प्रश्नच मिटला. थोरले माधवराव १७६१ ते १७७२, सवाई माधवराव १७७४ ते १७९५. तिसैन धरलं तर सवाई माधवराव चपखल बसतात. १७०८-०९ला कुणीच माधवराव बसत नाही, कारण पेशवेपद बाळाजी विश्वनाथाकडेच मुळी १७१३ला आलं. नक्कल आहे म्हणून सुद्धा सुटका नाही. नक्कल करणारा साल जुनं ठेवेल, पण ऐंशी वर्षांनंतरचा पेशवा मजकुरात कशाला घालेल?

मी हे गटात टाकू शकले नाही, लिहायची परवानगी अ‍ॅडमिनलाच होती. नानांना वेगळं पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. स्मरणिका १७०८ घेऊन छापून आली, मुखपृष्ठावर.

म्हणून तुम्हाला सांगते, गट आहे का हे विचारू नका, कागद टाका. "इथे मोडीवाले कुणी आहेत का?" असं विचारणाऱ्याला उत्तर येत नाही. "ही ओळ छ ११ साबान आहे की रमजान?" (छ म्हणजे चांद्र तारीख, पुढे महिना) असं विचारलं की ज्याने आयुष्यात तुम्हाला बघितलेलं नाही तोही धावत येतो, कारण चुकीचं वाचन बघून मोडीवाल्याला झोप लागत नाही. #मोडी आणि #मोडीलिपी हे दोन्ही टॅग लावा आणि स्वतःही फॉलो करा. मॅस्टोडॉनवर माणसांसारखे टॅगही फॉलो करता येतात. फोटोला वर्णन जोडायची जी जागा असते तिथे देवनागरीत लिप्यंतर लिहा, १५०० अक्षरं मावतात. अंध वाचकालाही कागद कळतो आणि मूळ पोस्टीतली जागा वादाला मोकळी राहते. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या सार्वजनिक पोस्टी शोधात दिसू द्या. हे मुद्दाम चालू करावं लागतं, नाहीतर तुमचं लिखाण फक्त टॅगवरून सापडेल. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, पण हौस म्हणून मोडीतच पोस्ट लिहू नका. समोरच्याकडे फॉन्ट नसला की त्याला नुसते चौकोन दिसतात.

आणि महिनाभर कुणी आलं नाही तर रुसू नका. माझ्याकडे आजही नियमित बोलणारे एका रिक्षात मावतील एवढेच आहेत. मोडीला तेवढे पुरतात.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मॅस्टोडॉन म्हणजे एक कंपनी नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर आहेत आणि त्यातला एखादा चालकाचे पैसे किंवा उत्साह संपला की बंद होतो. खातं हलवलं तर अनुयायी सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. म्हणजे नानांचं "सगळं बंदच पडतं" इथेही लागू आहे, त्यांना मी तेवढं देते. लिप्यंतरं स्वतःकडे फाइलमध्ये ठेवा, फोटोच्या नावासकट. दुसरं, ज्या कागदावर कोर्टात दावा चालू आहे, भाऊबंदकी आहे किंवा ज्यावर कुणाचा जातीचा दाखला अवलंबून आहे तो कागद उघड्यावर टाकू नका. तिथे अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, फुकट्या सल्ल्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. नानांच्या नियमामागे हीच भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण भीती जमिनीच्या तपशिलाची होती, सनाची नव्हे. तीन ओळी कापून बाहेर दाखवल्याने कुणाच्या सातबाऱ्याला धक्का लागला नसता.

शिकायचंच असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग बघा आणि पुण्याला गेलात तर भारत इतिहास संशोधक मंडळात चक्कर टाका. नवी माणसं तिथून निघतात, कुठल्या अ‍ॅपमधून नाही. वर्गातल्या एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला मॅस्टोडॉनवर ओढून आणलंत तर माझ्याकडे पाठवा.

त्या स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे असं ऐकते. सन बदलायचा की नाही ते नाना आणि घरचे ठरवतील. वाचन, घडीतला 'माधवराव' मोठा करून लावलेल्या फोटोसकट, माझ्या खात्यावर आहे आणि ते बघायला खातं उघडावं लागत नाही, कुणाची हमीही लागत नाही.