शाब्दिक उदाहरण दिसलं की पोरगं पान उलटतं

प्रिलिम जवळ आली की एकच तक्रार फिरून फिरून येते, "मॅडम, समीकरण दिलं तर पटापट सोडवतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की सोडूनच देतो." म्हणून अमळनेरकडच्या एका दहावीच्या पोराचं सांगते, ओळख लागू नये इतपत बदलून.

आईच बोलत होती, पोरगं खाली मान घालून. शेवटी आईंना चहाला बाहेर पाठवलं आणि विचारलं, उदाहरण दिसलं की पहिलं मनात काय येतं? "माले जमतच नही." म्हणजे वाचायच्या आधीच निकाल! मी समुपदेशक, त्यातही भावनेमागचा विचार तपासायला सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी, त्यामुळे मला धागा तिथेच सापडला, पण "असा विचार नको करू" म्हणून विचार जात नसतो, त्याला पुरावा लागतो. (पहिल्या दोन भेटी मी दीर्घ श्वास वगैरेत घालवल्या, कबूल करते.)

तिसऱ्या भेटीत वही बाजूला ठेवली. घरी कापूस आहे. म्हटलं, 20 क्विंटल विकला, चांगला क्विंटलला 7000 नं, फरदड (शेवटच्या वेचणीचा हलका कापूस) 6400 नं, व्यापाऱ्यानं 1,36,400 मोजले, तर फरदड किती? तो छताकडे बघत म्हणाला, "सगळी फरदडच धरली तर 1,28,000. वर राहिले 8400. क्विंटलमागे 600 जास्त, म्हणजे चांगला 14, फरदड 6." पेनाला हात नाही! मग मी कागद ओढला, फरदडला एक्स म्हण, चांगल्याला वाय, एक्स अधिक वाय बरोबर 20... तो बघतच राहिला. "हे तर पहिलंच प्रकरण आहे ना?" हो रे बाबा, दोन चलांतील रेषीय समीकरणे.

तर पालकांनो, अजून एक गाईड आणण्याआधी पोराला उदाहरण घरच्या बोलीत सांगायला लावा, आकडे न घेता, नुसती गोष्ट. काय विचारलंय ते बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतं, त्यालाच एक्स माना. उत्तर आलं की परत गोष्टीत टाकून बघा, बापाचं वय पोरापेक्षा कमी आलं तर गडबड आहे. आणि कोरं सोडू नका, पेपर 40 चा आहे, पायऱ्यांनाही मार्क असतात.

प्रिलिमला त्यानं एक उदाहरण पूर्ण सोडवलं, दुसऱ्याची समीकरणं मांडून अर्धे मार्क घेतले. आईंचा फोन आला, "अर्धेच का?" आता पुढची भेट आईंची ठेवलीय.