दोन इंच की तीन? वाचकांचे प्रश्न, मेकॅनिकची उत्तरं

मागच्या अंकात टायरच्या हवेबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जवळपास सगळी गाडी उंच करण्याबद्दल. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण न छापलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचं उत्तरही त्यातच आहे.

प्रश्न : माझी गाडी चासीवर बांधलेली आहे. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात), मागे सरळ ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. टायर २६५/७० आर १७. रोज एकटाच कामावर जातो, महिन्यातून एक-दोनदा दगडगोट्यांचं नदीपात्र आणि जंगलातल्या चिखलवाटा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) बसवायचा विचार आहे. गाडी उंच करायचं किट विकणारा म्हणतो, तीन इंचांचं घ्या, पस्तावणार नाही. मित्र म्हणतो, नुसते स्पेसर (जाड चकत्या) टाक, तेवढीच उंची मिळते. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. आधी मला सांगा, गाडी घासते कुठे? पुढच्या बंपरची कड दगडाला लागते, मधलं पोट टेकतं, की मागचा डिफ (डिफरन्शियल, चाकांना जोर वाटणारा गिअरचा गोळा) ठोकर खातो? पुढच्या खेपेला नदीपात्रातून आलात की गाडीखाली वाका आणि ताजे ओरखडे कुठे आहेत ते बघा. किट कुठलं घ्यायचं याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

स्प्रिंग बदलली की चासी वर जाते. मागचा ॲक्सल चाकांना धरून असतो, तो आहे तिथेच राहतो. तीन इंचांचं किट टाका नाहीतर सहाचं, मागच्या डिफखालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. (पुढचा डिफ तुमच्या गाडीत चासीला टांगलेला आहे, तो मात्र वर जातो.) मागचा डिफ उचलायचा तर मोठा टायरच हवा, आणि त्याचा हिशेब जरा निराश करणारा आहे. तुमच्या टायरचा व्यास साधारण ८०३ मिमी. २८५/७० आर १७ घेतलात तर ८३१. फरक २८ मिमी, आणि ॲक्सल वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे १४. त्याबदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३-१०४ च्या वेगात असेल, पिकअप थोडा मंदावेल आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या अस्तराला लागतो का ते बघावं लागेल.

पोट टेकत असेल किंवा पुढची कड लागत असेल तर लिफ्ट कामाची. आता किती? सगळे उंचीपासून सुरुवात करतात. मी वजनापासून करतो. स्प्रिंगच्या चांगल्या यादीत उंचीच्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा असतो : ही स्प्रिंग किती जादा कायमच्या वजनासाठी आहे. हा ‘कायमच्या’ शब्द गिऱ्हाईक वाचत नाही आणि विकणारा वाचून दाखवत नाही. वर्षातून एकदा लादलेलं सामान त्यात येत नाही. बंपर, विंच, दुसरी बॅटरी, जे गाडीवरून कधीच उतरत नाही ते येतं.

तुमचा बंपर आणि विंच पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकणार. तिथे १०० किलो टांगले तर पुढच्या ॲक्सलवर १०० पेक्षा जास्त भार येतो आणि वरचे किलो मागच्या ॲक्सलवरून कमी होतात. सी-सॉसारखं. म्हणून पुढे त्या वजनाची स्प्रिंग घ्या. आणि आधी बंपर-विंच बसवा, मग स्प्रिंग. उलट केलंत तर विंच येईपर्यंत गाडी नाक वर करून फिरेल, आणि विंच आल्यावर केलेलं अलाइनमेंट पुन्हा करावं लागेल.

मागे मात्र हात आखडता घ्या. समजा, मागच्या ॲक्सलवर १५० किलो आले, प्रत्येक स्प्रिंगवर ७५. स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिमीची असेल तर गाडी साधारण २९ मिमी बसेल. ४० ची असेल तर १८. वाचायला ४० ची झकास वाटते. पण तुम्ही रोज एकटे जाता. रिकाम्या गाडीखाली ही जाड स्प्रिंग दबतच नाही. गाडी किटवर लिहिलेल्या आकड्याहूनही वर जाते आणि चाक आधीच जवळजवळ पूर्ण खाली लोंबलेलं असतं. खड्डा आला की चाकाला आणखी खाली जायला जागाच नाही. ते हवेत राहतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कुठून येणार? खडकांवर तिरप्या अवस्थेत उंच गाडी अडकून पडते आणि शेजारून मूळ स्प्रिंगची गाडी निघून जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

चाकाची एकूण हालचाल शॉकअपच्या लांबीने बांधलेली असते. समजा चाक १०० मिमी वर आणि १०० मिमी खाली जात होतं. मूळ शॉकअप ठेवून गाडी ५० मिमी उचलली तर ते १५० वर आणि ५० खाली जाईल. उंची मिळाली, चाल तेवढीच. म्हणून स्प्रिंगबरोबर तेवढ्या लांबीचे शॉकअप हवेतच. मागे नुसते लांब शॉकअप घालून मूळ आखूड स्प्रिंग ठेवली तर चाक पूर्ण लोंबल्यावर स्प्रिंग वाटीतून निसटू शकते. विकणाऱ्याला विचारा : शॉकअप पूर्ण उघडल्यावर किती मिमी, मिटल्यावर किती? आकडे सांगता येत नसतील तर तो डबा विकतोय, किट नाही.

आता मित्राच्या स्पेसरबद्दल. माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीत मी तेच घातले होते, म्हणून जरा दमाने लिहितो. पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) डोक्यावर जाडसर चकती बसवायची, बास. स्ट्रटचा पाय खालच्या आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणारा हात) मधोमध कुठेतरी असतो, त्यामुळे वर २५ मिमीची चकती लावली की चाकापाशी बहुतेक गाड्यांत त्याच्या दुपटीच्या जवळपास उंची मिळते. दुपारी काम झालं, संध्याकाळी मी मिरवलो. मग खड्ड्यात चाक लोंबलं की ‘टक्क’ असा आवाज येऊ लागला. अख्खा स्ट्रटच खाली ढकलल्यामुळे चाक मूळ मर्यादेपेक्षा खाली जात होतं आणि वरचा आर्म स्प्रिंगच्या वेढ्याला आपटत होता. वर्षभरात डावा सीव्ही बूट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटला, ग्रीस उडून गेलं, चिखल आत. पाठोपाठ वरचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) गेला. गाडी वर दबतानाही घोळच : रबरी बंप स्टॉपला आर्म टेकायच्या आधीच स्ट्रट आतल्या आत टेकत होता. पातळ चकती पुढचं नाक मागच्या उंचीशी जुळवण्यापुरती ठीक. मोठ्या लिफ्टसाठी नाही.

तीन इंच इंडिपेंडंट सस्पेन्शनला सुटसुटीत पेलत नाहीत. सीव्ही शाफ्ट तिरपे होतात, मग डिफ खाली घेणाऱ्या पट्ट्या, मग वेगळे वरचे आर्म, अशी एकामागून एक बिलं येतात. तुमच्यासाठी ४० ते ५० मिमी. त्या उंचीवर अलाइनमेंट करून घ्या आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) गाडीच्या मर्यादेत बसत नसेल तरच वरचे आर्म बदला.

आणि लिफ्ट किटने गाडीचं एकूण परवानगीचं वजन वाढत नाही. कंपनीने ठरवलेला आकडा तोच राहतो. विमा आणि नोंदणीचे नियम सामान आणण्याआधी विचारा.

प्रश्न : माझा पिकअप आहे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). गॅरेजवाला पाट्यांखाली ठोकळा घालून दोन इंच देतो म्हणतोय. चालेल?

उत्तर : मागे, एकच ठोकळा, धातूचा अखंड आणि नवे लांब यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे), या अटींवर चालतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही. पुढच्या ॲक्सलखाली तर एकही नाही. तिथे ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा दोन्ही जोर येतो. ठोकळ्याचा दोष असा की ॲक्सल आणि पाटा यांच्यातलं अंतर वाढतं, त्यामुळे जोरात ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल पाट्याला पिळतो. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू देऊ नका.

शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लांब करणं हा दुसरा स्वस्त उपाय. ५० मिमी लांब शॅकलने उंची मिळते साधारण २५, आणि डिफचं तोंड फिरतं ते वेगळंच. जादा पाटा घालणं त्याहून बरं, जर नेहमी ओझं असेल तर. रिकामी गाडी मात्र दणके देते. बजेट असेल तर ओझं सांगून पाट्यांचा पूर्ण नवा संच बांधून घ्या.

बरेच जण एक गोष्ट विसरतात. कित्येक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. मागचा भाग खाली बसला की त्याला कळतं, ओझं आहे, मागचे ब्रेक जास्त दे. गाडी उचललीत की त्याला वाटतं ट्रक रिकामाच आहे, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी पडतात. दांडीचा ब्रॅकेट त्या प्रमाणात सरकवून घ्या. गॅरेजवाल्याला हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवायला सांगा. शोधत बसला तर दुसरं गॅरेज बघा.

प्रश्न : पुढे-मागे सरळ ॲक्सलवाली छोटी गाडी दोन इंच उचलली. तेव्हापासून सरळ रस्त्यावर गाडी भटकते, आणि एका ठराविक वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थडथडतं. दोनदा बॅलन्सिंग झालं. आता स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) बदला म्हणतात.

उत्तर : डॅम्पर बदलू नका. तो थडथड झाकतो, घालवत नाही. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत.

भटकणं हे कॅस्टरचं. ॲक्सल खाली गेला की आखूड आर्मवर फिरतो आणि कॅस्टर कमी होतो; दोन इंचांत एखाद-दोन अंश सहज जातात. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरचा आकडा आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) जुळवून कागद हातात देतात. कमी झालेला कॅस्टर ॲडजस्ट होणाऱ्या आर्मने किंवा विकेंद्री बोल्टने परत आणता येतो, पण त्यात एक मेख आहे. डिफ त्याच ॲक्सलवर आहे. कॅस्टर वाढवलात की डिफचं तोंड खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. दोन्ही मनासारखं होत नाही. मी अशा वेळी कॅस्टरला झुकतं माप देतो. स्टिअरिंग रोज हातात असतं, पुढच्या शाफ्टवर जोर येतो तो फोर व्हील लावल्यावरच. तुमची गाडी कायम फोर व्हीलवर असेल तर हा हिशेब लागू नाही.

थडथडीसाठी ट्रॅक बारपासून (ॲक्सलला चासीशी आडवा बांधणारा दांडा) सुरुवात करा. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटकायचं, दुसऱ्याने गाडीखाली बारच्या दोन्ही टोकांवर डोळा ठेवायचा. बोल्ट भोकात किंचित जरी हलला तरी चोर सापडला. नाही हलला तर बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग, याच क्रमाने. लिफ्टने जुनी झीज निर्माण होत नाही, ती उघडी पडते.

तिथेच असताना आणखी एक बघा. गाडी उचलली की ट्रॅक बार तिरपा होतो आणि ॲक्सल त्याच्या चासीकडच्या टोकाच्या बाजूला सरकतो. ८०० मिमीच्या आडव्या बारला दोन इंचांत दीड-दोन मिमी, बार आधीच तिरपा असेल तर त्याहून जास्त. ॲडजस्ट होणारा बार हे दुरुस्त करतो. पण बार आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारा दांडा) समांतर राहिले पाहिजेत. नुसता पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा हात) बदलून ड्रॅग लिंक खाली आणलीत आणि बार तसाच ठेवलात, तर प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपणहून वळेल.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. बाबांच्या गाडीला किट घरीच बसवलं तर?

उत्तर : मागच्या कॉइल स्प्रिंग बसव. भक्कम स्टँड लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. पुढचा स्ट्रट उकलून स्प्रिंग काढायला जाऊ नकोस. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून निसटली तर माणसाला आयुष्यभराची दुखापत होते. ते काम प्रेस असलेल्या गॅरेजला दे, बसवणं तू कर.

काढायच्या आधी गाडी सपाट जागेवर लावून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घे. जमिनीपासून नको, टायरची हवा त्यात गडबड करते. टाकी किती भरली होती तेही लिही, नंतर तेवढ्याच इंधनावर मोजायचंय.

रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना हातानेच लाव. गाडी खाली उतरव, एक-दोनदा हलवून बसू दे, मग पाना लावून ठरलेल्या टॉर्कवर घट्ट कर. लोंबत्या स्थितीत घट्ट केलेला बुश गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलाच राहतो, लवकर फाटतो, वर उंचीही चुकीची दाखवतो. गॅरेजमध्येसुद्धा घाईत हे राहून जातं.

मग चाक पूर्ण लोंबवून ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि डिफची श्वासनळी ताणली जात नाहीत ना ते बघ. श्वासनळी निसटली आणि गरम डिफ थंड पाण्यात उतरला की तो पाणी आत ओढतो. हेडलाइट खाली करून घे, समोरच्याच्या डोळ्यांत जातील. पाचशेएक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपास आणि तीच चार मापं परत घे. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. चारही कोपरे सारखे बसले तर काळजी नाही; एकच जास्त बसला असेल तर ती स्प्रिंग वाटीत फिरून बसली आहे का ते आधी बघ.