कोकणातल्या आमच्या गावात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत. म्हणजे इथे मुलींना मान आहे असं समजायचं का? आणि गावाची खरी लोकसंख्या कोणती धरायची?

मानाचा काही संबंध नाही. पुरुष मुंबईला गेले, म्हणून बायका जास्त दिसतात. 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली होती. हे आकडे शेजारी ठेवून वाचा.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत लग्न होऊन आले, तेव्हापासून मी इथेच आहे. खऱ्या लोकसंख्येवरून आमच्या गावकीत मोठं भांडण झालं होतं. नळपाणी योजना आली. माणशी दिवसाला 55 लिटर धरून तिचा हिशोब होतो, म्हणून माणसं किती हा प्रश्न निघाला. सभा ठेवली गणपतीत, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, जनगणनेचा आकडा खोटा आहे. आम्हाला धरलं तर वाडी दुप्पट होईल." मी म्हटलं, "भावोजी, एप्रिलात विहीर आटते तेव्हा या आणि मग मोजा." ते गप्प झाले, पण मतं घरटी एक अशीच घेतली. कुलूपबंद घरांचंही मत धरलं. वरच्या अंगाला दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्यांचं मत मुंबईहून आलेल्या मुलांनी दिलं. पाइप आधी खालच्या अंगाला गेला, जिथली नवी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असतात. त्या वर्षीही वरच्या बायकांनी उन्हाळाभर हंडे वाहिले. याचा राग मला आजही येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जनगणनेचाच आकडा धरा. मतदारयादीत आणि रेशनकार्डावर मुंबईत राहणाऱ्यांची नावं तशीच असतात. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, शिमग्याच्या आधी, म्हणजे चूल पेटते तेवढीच घरं आणि राहतात तेवढीच माणसं त्यात आली. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत तुमचं महसुली गाव शोधा. गट ग्रामपंचायत असेल तर प्रत्येक गाव वेगळं सापडेल, वाड्या मात्र वेगळ्या दाखवत नाहीत.

अर्थात हे आकडे आता जुने झालेत, आणि हल्ली मुलीही शिकून बाहेर पडतात. शिवाय मुलींच्या मानाचंच बघायचं तर 0 ते 6 वयोगट बघा. तिथे आमच्या जिल्ह्यातही मुली मुलांपेक्षा कमीच आहेत.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 च्या स्थितीची होणार आहे. प्रगणक दारात आला की घरातल्या बाईने स्वतः उत्तरं द्यावीत. सासऱ्यांनी "ती घरीच असते" असं सांगितलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा, कारण घरच्या शेतात बिनपगारी राबणंही जनगणनेत काम म्हणूनच लिहितात. मुंबईकरांनी आपली नोंद मुंबईतच करावी. आणि गावकीत घरटी मत घ्यायचंच असेल, तर ते त्या घरात बारा महिने राहणाऱ्या माणसाने द्यावं, मग ती सत्तरीची म्हातारी का असेना.