रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान जिवावर उठतं, असा कोणता भयपट बघावा?

डोळे झाकून 'कैरो' बघा. कियोशी कुरोसावा यांचा 2001 चा जपानी चित्रपट. काही ठिकाणी तो 'पल्स' नावाने सापडेल, पण 2006 चा त्याच नावाचा अमेरिकी रिमेक मात्र लावू नका. मूळ चित्रपटाची धग त्यात अजिबात उतरलेली नाही.

कल्पना अशी की मृतांच्या जगात जागा उरलेली नाही आणि ते इंटरनेटवाटे आपल्याकडे झिरपू लागतात. टोकियोतला एक विद्यार्थी घरी नवीन इंटरनेट जोडतो. रात्री कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, मोडेम स्वतःच डायल करतो आणि पडद्यावर आपापल्या खोलीत एकटीच बसलेली माणसं दिसू लागतात. मग प्रश्न उमटतो: भुताला भेटायचंय का? इथे कुणी किंचाळत नाही, पार्श्वसंगीत अंगावर येत नाही, तरी हातपाय गार पडतात. लाल चिकटपट्टीने बंद केलेल्या खोलीतली बाई संथपणे चालत येते आणि मध्येच तिचा तोल जातो, तो प्रसंग तर भयपटांच्या इतिहासातला सर्वोत्तम आहे असं माझं ठाम मत आहे.

वेग संथ आहे आणि आत्महत्येची दृश्यंही आहेत. मन आधीच खचलेलं असेल तर सध्या नकोच. एरवी रात्री, फोन बाजूला ठेवून बघा.