बाउन्स मेल: आकडा नंतर बघा, आधी ‘नाही’ कोण म्हणालं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. सांगलीतलं छोटं कर सल्लागार कार्यालय, स्वतःचं डोमेन. महिन्याभरापूर्वी वेबसाइट आणि मेल नव्या होस्टिंगवर नेलं. तेव्हापासून ग्राहकांना पाठवलेल्या मेल परत येताहेत आणि दर वेळी आकडा वेगळा: ५५० ५.७.२६, ५५० ५.१.१, ४५१ ४.७.१, ५५२ ५.३.४. होस्टिंगवाले म्हणतात, “आमच्याकडून सगळं ओके आहे.”

बिघाड एक नाही. चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच महिन्यात आल्या म्हणून एकच वाटताहेत. होस्टिंग बदलल्यामुळे झालेला खरा बिघाड त्यातला एकच. एक तर बिघाडच नाही.

आधी बाउन्स वाचायची कशी ते. ‘मेलर डीमन’च्या नावाने जी मेल येते ती बहुतेक वेळा तुमच्याच सर्व्हरने लिहिलेली असते. तिच्यात खाली कुठेतरी ‘रिमोट सर्व्हर सेड’ किंवा ‘डायग्नॉस्टिक कोड’ अशी ओळ असते. तेवढी ओळ समोरच्या सर्व्हरची. लोक वरचं माफीनामा छाप इंग्रजी वाचतात आणि ही ओळ सोडून देतात. आणि खाली ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, ४.४.१ असं काही असेल, तर समोरचा बोललेलाच नाही. तुमचा सर्व्हर दार ठोठावून परत आलाय. अशा वेळी समोरच्या ऑफिसला फोन करून “आमची मेल का नाकारली” म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

आता आकडा. तीन आकडी कोड १९८२च्या एसएमटीपी (सर्व्हरांनी एकमेकांना मेल द्यायची पद्धत) मानकापासून चालत आलाय. पहिला आकडा २ म्हणजे स्वीकारलं, ४ म्हणजे आत्ता नाही, पुन्हा ये, ५ म्हणजे पुन्हा येऊ नकोस. त्या काळी ५५०चा अर्थ सरळ होता, मेलबॉक्स उपलब्ध नाही. पुढे धोरण, स्पॅम, ओळखपडताळणी असं सगळंच लोक ५५०मध्ये कोंबत गेले, त्यामुळे नुसतं ‘५५० आलं’ म्हणून काहीच कळत नाही. १९९६मध्ये टिंबवाले कोड आले ते यासाठीच. त्यातला मधला आकडा बघायचा: १ असेल तर पत्ता, २ मेलबॉक्स, ३ मेल यंत्रणा, ४ नेटवर्क, ७ सुरक्षा आणि धोरण. तुमचा ५.१.१ आणि ५.७.२६ दोन्हींच्या पुढे ५५०च आहे, पण एकात पत्ता चुकलाय आणि दुसऱ्यात तुमच्यावर विश्वास नाही.

सोपे आधी उरकतो. ५.१.१ म्हणजे त्या नावाचा मेलबॉक्सच नाही. स्पेलिंग तपासा, बरोबर असेल तर माणसाने नोकरी सोडली असेल. ग्राहकाला फोन करा, यादीतून पत्ता काढा. तोच पत्ता पुन्हा पुन्हा मारत राहू नका. मेलेल्या पत्त्यांवर मेल पाठवत राहणारा सर्व्हर स्पॅमवाल्यासारखा दिसतो.

४५१ ४.७.१ ही तुमच्या यादीतली बिघाड नसलेली गोष्ट. तुम्ही इथे चिकटवलेल्या ओळीतच ‘ग्रेलिस्टेड’ असा शब्द आहे. अनोळखी आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक), पाठवणारा आणि घेणारा हे त्रिकूट पहिल्यांदा दिसलं की समोरचा सर्व्हर मुद्दाम “थोड्या वेळाने ये” म्हणतो. स्पॅम मारणारी स्क्रिप्ट सहसा परत येत नाही, खरा मेल सर्व्हर येतो. तुमचा आयपी नवा, म्हणून आत्ताच हे दिसतंय. पोस्टफिक्ससारखा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस प्रयत्न करत राहतो. तुम्ही काहीही करायचं नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी अशाच ‘डिलेड’ सूचनेला घाबरून सभेची नोटीस सहा वेळा पाठवली होती. सगळ्या सहा पोचल्या. सभेत निम्मा वेळ त्यावरच गेला.

५५२ ५.३.४ म्हणजे मेल आकाराने मोठी. तुम्ही म्हणता, “पीडीएफ तर फक्त ८ एमबीची होती.” फाइल ८ची असते, मेल ८ची नसते. अटॅचमेंट मेलमधून जाताना बेस६४मध्ये लिहिली जाते, दर ३ बाइटचे ४ होतात. म्हणजे ८चे साडेदहाच्या पुढे. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, आणि कित्येक कंपन्यांत ती कुणी बदललेलीच नसते. स्कॅन ३०० डीपीआयऐवजी १५०वर करा, नाहीतर ड्राइव्हची लिंक पाठवा.

आता तुमचं खरं दुखणं, ५५० ५.७.२६.

दोन सर्व्हर बोलतात ते साधारण असं. तुमचा सर्व्हर नमस्कार करतो, समोरचा २५० म्हणतो. तुमचा ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, २५०. ‘आरसीपीटी टू’ म्हणून घेणाऱ्याचा पत्ता सांगतो. मेलबॉक्स नसेल तर ५.१.१ सहसा इथेच येतो. पुढे ‘डेटा’, त्यावर ३५४, म्हणजे बोला. मग अख्खी मेल जाते, शेवटी एका ओळीत एकटं टिंब. त्या टिंबानंतर जे उत्तर येतं ते पूर्ण मेल बघून दिलेलं असतं, कारण ग्राहकाला दिसणारं ‘फ्रॉम’ आणि डीकेआयएमची सही (मेल त्या डोमेनचीच आहे हे सांगणारी डिजिटल सही) तोपर्यंत सर्व्हरने पाहिलेलीच नसते. तुमच्या बाउन्समध्ये ‘एंड ऑफ डेटा कमांड’ असं लिहिलंय. थोडक्यात पत्ता बरोबर, मेलबॉक्स आहे, फक्त “हे खरंच तुमच्याच डोमेनकडून आलंय का” याचं उत्तर मिळालं नाही.

५.७.२६ हा कोड २०१४ साली मानकात आला: ओळखीच्या एकाहून अधिक चाचण्या नापास. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरनी पाठवायची त्याची जाहीर यादी) किंवा डीकेआयएम यातलं किमान एक पास हवं असतं. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कही (या चाचण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). तुमचं दोन्ही नापास आहे. का, ते तुम्ही इथे टाकलेल्या डीएनएस (डोमेनची जाहीर नोंदवही) नोंदींत दिसतंय: एसपीएफच्या दोन टेक्स्ट नोंदी आहेत, एक जुन्या होस्टिंगची, एक नव्याची. नव्याने ‘ही ओळ टाका’ सांगितलं, तुम्ही टाकली, जुनी काढायची राहिली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन असल्या की तपासणारा ‘पर्मएरर’ म्हणून दोन्ही बाजूला ठेवतो. त्यातली एक बरोबर असून उपयोग नाही. आणि डीकेआयएमची नोंद एकही दिसत नाही.

जुन्या सर्व्हरवरून आता काहीच जात नसेल तर जुनी नोंद सरळ काढा. जात असेल, म्हणजे बिलिंगचं सॉफ्टवेअर अजून तिथूनच मेल पाठवत असेल, तर दोन्हींचे ‘इन्क्लूड’ (दुसऱ्याची यादी जोडून घेणारा भाग) एकाच ओळीत घ्या. एसपीएफला डीएनएस चौकशांची १०ची मर्यादा आहे, प्रत्येक ‘इन्क्लूड’ त्यातलं खातो आणि त्याच्या पोटातलेही मोजले जातात. मग नव्या पॅनेलमध्ये डीकेआयएम चालू करा आणि ते जी ‘की’ (किल्ली) देईल ती डीएनएसमध्ये टाका.

डीएनएस म्हणजे कुठल्या पॅनेलमध्ये? इथे निम्मे लोक अडकतात. डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) जिथे बोट दाखवतात तिथे. तुमचे नेमसर्व्हर अजून डोमेन विकणाऱ्याकडेच आहेत, त्यामुळे नव्या होस्टिंगच्या ‘झोन एडिटर’मध्ये कितीही सुंदर नोंद केली तरी जगाला ती दिसणार नाही. मी एकदा असंच तीन तास चुकीच्या पॅनेलमध्ये घालवलेत.

बदलानंतर टीटीएल (जुनी नोंद इतरांनी धरून ठेवायची मुदत) संपेपर्यंत थांबा, मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतून ‘शो ओरिजिनल’. वरच्या तक्त्यात एसपीएफ आणि डीकेआयएमसमोर ‘पास’ दिसलं की झालं. दोन्ही पास झाल्यावरच डीमार्कची नोंद करा, सुरुवातीला ‘नन’ (नापास झाली तरी काही करू नका) धोरणाने. घाईने ‘रिजेक्ट’ टाकलंत तर बिलिंगवाल्या मेल तुमच्याच सांगण्यावरून नाकारल्या जातील.

एवढं करूनही काही परत आलं तर इथे स्क्रीनशॉट नको, डायग्नॉस्टिक कोडची अख्खी ओळ मजकूर म्हणून चिकटवा. ग्राहकाचा पत्ता झाका, डोमेन राहू द्या.