‘भौमितिक पतंग’ नकोच!

प्रश्न : जिओमेट्रिडी कुळातल्या पतंगांना मराठीत ‘भौमितिक पतंग’ म्हणावं का? पंखांवरच्या त्रिकोण-चौकोनांवरून हे नाव पडलं, असं वाचलं.

उत्तर : म्हणू नका. ‘भौमितिक’ वाचलं की माझं डोकंच उठतं. पंखांवरच्या नक्षीचा इथे काडीचा संबंध नाही. ग्रीक ‘जिओमेट्रेस’ म्हणजे जमीन मोजणारा. आपली भूमितीही मुळात भू आणि मिती, जमिनीची मोजणीच. कुळाला हे नाव पतंगाने नव्हे, त्याच्या अळीने मिळवून दिलंय. अळीला पुढे तीन जोड्या पाय, मागच्या टोकाला बहुधा दोनच जोड्या, मधलं अंग मोकळं. पुढून घट्ट धरायचं, मागचं टोक पुढच्या पायांपाशी ओढायचं, पाठीची कमान करायची, मग पुन्हा लांब व्हायचं. अंगठा टेकवून करंगळी ताणत आपण वीत घालतो, हुबेहूब तसं. म्हणून मी ‘वीतअळी’ म्हणतो.

यावर काही जाणकार ‘उंटअळी’ सुचवतात. त्यांनी एकदा सोयाबीनच्या पानावरची उंटअळी उलटी करून पाय मोजावेत. मागे तीन जोड्या भरतील. ती नॉक्टुइडी या पतंगांच्याच दुसऱ्या कुळातली, चाल तेवढी उसनी. चालीवरून कूळ ठरवायचं नसतं, अंग बघावं लागतं.

अंग बघायची रीत जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसपासूनची आहे. १७५८ साली त्याने या पतंगांच्या मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पृशा, पाहिल्या. फणीसारख्या असतील तर नावाच्या शेवटी ‘-आरिया’, साध्या दोऱ्यासारख्या असतील तर ‘-आटा’. उत्क्रांतीच्या धड्यात हमखास भेटणारा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पतंग बेट्युलारिया पहिल्या गटातला, ग्रॉसुलारिआटा दुसऱ्यातला. हे प्रत्यय नुसते शोभेचे आहेत असं म्हणणाऱ्यांनी लिनियस उघडूनच पाहिलेला नाही. बेट्युलारियाच्या मादीच्या मिशा मात्र साध्याच असतात, फणी फक्त नराला. तिथे हा नियम लंगडा पडतो, हे मान्य.

खरी खूण आहे कानात, आणि मला सांगायचंय ते हेच. या पतंगांचे कान डोक्यावर नसतात, पोटाच्या बुडाशी असतात. वटवाघळाची चाहूल त्यांनी लागते. नॉक्टुइडींचे कान छातीवर, म्हणजे उंटअळीचा दावा इथेही निकालात निघतो. जिओमेट्रिडींच्या कानात एक बारीक, टणक कांडी असते. जवळजवळ साऱ्या कुळात ती सापडते, बाहेर कुठेच नाही. अभ्यासकांनी तिला नाव दिलं ‘अन्सा’. लॅटिनमध्ये अन्सा म्हणजे भांडं उचलायची मूठ. आता सांगा, चहाच्या कपाची मूठ तुटली की घरात आपण काय म्हणतो? कपाचा कान तुटला! लॅटिन पंडिताने कानात मूठ पाहिली, आपण मुठीलाच कान म्हणत आलो. या अन्साला ‘कर्णदंड’ वगैरे जड प्रतिशब्द पाडण्यापेक्षा सरळ ‘कपकान’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.